काजू तू वेचतेस, बिल मात्र सासऱ्यांच्या नावावर

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते, वाळपईहून पुढे म्हादईच्या बाजूला आमचा गाव. मिस्टर कुंडईला कंपनीत शिफ्टला जातात, बाइकने. घरी सासू-सासरे आणि दोन मुलं, मोठा तिसरीत. डोंगरावर काजू आहेत, खाली लहानसं कुळागर (पोफळी-नारळाची बाग), आणि शेत आहे पण गवे आणि रानडुकरं येतात म्हणून चार वर्षं पडीक. गावच्या शाळेत एकच शिक्षिका आणि सगळे मिळून दहा-बारा मुलं. बस सकाळी एक, संध्याकाळी एक. मिस्टर म्हणतात शाळा उघडायच्या आधी साखळीला फ्लॅट भाड्याने घेऊया. सासरे म्हणतात आम्ही इथून हलणार नाही, तुम्ही गेलात तर कुळागर बघणार कोण. फोंड्याचे दीर म्हणतात विकूनच टाका, बाहेरची पार्टी चांगला दर देते. कुळागर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, काजूच्या डोंगराच्या उताऱ्यावर तर आमचं कोणाचंच नाव नाही. मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. मी तशी काही करत नाही, घरीच असते. काजूच्या दिवसांत पहाटे जाऊन वेचते, बोंडू (काजूची फळं) भट्टीवाल्याला डब्याने देते, कुळागराला पाणी सोडते, दोन गायी आहेत त्यांचं बघते, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांचं) सामान घेऊन बाजारात बसते. तर मी जाऊ की राहू? आणि सासऱ्यांशी बोलायचं कसं?"

– सत्तरीची एक सून

बाय, जाऊ की राहू ह्याचं उत्तर मी देणार आहे, टाळणार नाही, पण आधी तुझ्या पत्रातलं ते वाक्य बघूया, "मी तशी काही करत नाही, घरीच असते", कारण त्याच्या लगेच पुढे तू जे लिहिलंयस ते वाचून मला खरंच राग आला, तुझ्यावर नाही, तुला असं म्हणायची सवय ज्यांनी लावली त्यांच्यावर. काजूची बी, बोंडू, सुपारी, दूध, माटोळी. तुझ्या घरात गावातून जो काही पैसा येतो तो सगळा तुझ्या हातून येतो. तुझे मिस्टर कुंडईला जातात, मान्य, रात्रीच्या शिफ्टवरून होंडा गावाच्या रस्त्याने बाइकवर परत येणं सोपं नाही, त्यांचा थकवा खोटा नाही. सासऱ्यांचं वय झालं. दीर फोंड्याला. मग शेती करतो कोण? तू करतेस. आणि तीन पुरुष मिळून ठरवतायत की जमीन ठेवायची की विकायची, घर हलवायचं की नाही, आणि जी रोज त्या जमिनीवर उभी असते तिला विचारलेलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की जायचं की राहायचं ह्याच्या आधी एक प्रश्न सोडव. कागदावर तू कुठे आहेस?

काजूपासूनच बघ. सरकार काजूला आधारभूत किंमत देतं, 2023 साली ती किलोला 150 रुपये केली होती, बाजारात दर पडला की मधला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतो. बाहेर देशातून, विशेषकरून आफ्रिकेतून, बी स्वस्तात येते आणि आपल्या बीचा दर पाडते, त्यामुळे हा फरक काही किरकोळ रक्कम नाही. पण तो मिळतो कृषी कार्ड असलेल्याला, आणि बी सोसायटीत घालून त्याच्या नावाचं बिल असेल तर. आता मला सांग, कार्ड कोणाच्या नावावर? नक्कीच सासऱ्यांच्या. मग पहाटे डोंगर चढलीस तू, गोचीड अंगावर घेतलेस तू, पिशवी डोक्यावरून आणलीस तू आणि पैसे गेले सासऱ्यांच्या पासबुकात. सासरे वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, ते कदाचित त्यातूनच मुलांच्या वह्या आणत असतील. पण उद्या तू म्हणालीस की कुळागरात मिरी लावायची आहे, पाइप बदलायचाय, तर हातात काय आहे तुझ्या? दुधाचंही तसंच. संस्थेत सभासद कोण आहे ते बघ, कारण दुधाचे पैसे आणि सरकारचा वरचा प्रोत्साहन पैसाही सभासदाच्या खात्यात जातो, धार काढणाऱ्याच्या नाही.

तर एक दिवस सकाळच्या बसने वाळपईला जा आणि विभागीय कृषी कार्यालयात सरळ विचार की सासऱ्यांची लेखी संमती आणली तर माझ्या नावाने कार्ड होईल का आणि काय काय कागद लागतील. नाही म्हणाले तर कारण विचार आणि लिहून घे. निदान बँकेत सासऱ्यांबरोबर तुझं जॉइंट खातं तरी होऊ दे आणि काजूचे, सुपारीचे पैसे त्यात येऊ देत, त्याला कोणाचा विरोध असायचं कारण नाही. दूध संस्थेचं सभासदत्व तुझ्या नावावर करून घे, हे तर सगळ्यात सोपं.

आता जमीन. ह्यावर जरा जास्त लिहिते, कारण सत्तरीतल्या घरांचं दुखणं इथेच आहे आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे कळणारही नाही की माणूस तीन पिढ्या ज्या डोंगरावर काजू काढतो त्या डोंगराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) त्याचं नाव कसं नसतं. तुम्हाला ठाऊक आहे. मोकासोची म्हणजे मोकासदार जमीनदारांची जमीन, सरकारी जमीन, आल्व्हाराची म्हणजे पोर्तुगीज सरकारच्या परवान्याने दिलेली जमीन, पोर्तुगीज गेले 1961 ला, नंतर सर्वे झाला तेव्हा उताऱ्यावर ज्यांची नावं लागली त्यांची लागली आणि कसणारा बऱ्याच ठिकाणी उताऱ्याच्या बाहेरच राहिला. शेळ-मेळावलीत 2021 च्या जानेवारीत आयआयटीच्या जागेवरून जे आंदोलन झालं ते तुझ्या लक्षात असेल, बायका पुढे उभ्या राहिल्या होत्या, सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. लोकांना शिक्षण नको होतं म्हणून ते झालं नाही, वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीला उताऱ्यावर नाव नाही ह्या एका कारणाने कोणी सरकारी म्हणून हात घालू शकतं ही भीती होती.

तर तुझ्या घरात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र कालवू नकोस. डोंगर एक, कुळागर एक.

डोंगराचं आधी. सर्वे नंबर शोधून उतारा काढ, ऑनलाइन मिळतो, रेंज नसेल तर वाळपईत काढून घे. त्यात कब्जेदाराच्या खाली कोणाचं नाव आहे, कुळाच्या रकान्यात काही आहे का, इतर हक्कात काही आहे का, आणि चौदाच्या फॉर्मवर पिकाची आणि कसणाऱ्याची काय नोंद आहे, सगळं वाच. तो नंबर म्हादई अभयारण्यात येतो का तेही विचार. अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटर, आणि 2023 च्या जुलैत हायकोर्टाने तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं, मग ते सुप्रीम कोर्टात गेलं, त्यावरून गावागावात वाट्टेल त्या अफवा फिरतात, उद्या उठवणार, परवा उठवणार. अफवेवर घर हलवू नका. आपला नंबर आत आहे की बाहेर एवढं पहिलं माहीत करून घ्या, अर्ध्या लोकांना तेच माहीत नसतं. आत असेल किंवा वनजमीन असेल तर 2006 चा वन हक्क कायदा आहे. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्यांना त्याखाली दावा करता येतो, बाकीच्यांनाही येतो पण त्यांना तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचा वहिवाटीचा पुरावा लागतो. दावा ग्रामसभेच्या वन हक्क समितीतून पुढे जातो. तुमच्या घराचा दावा कधी भरला होता का, भरला तर फाइल कुठे अडकलीय, हे सासऱ्यांना विचार. बहुतेक भरलेला असतो आणि पावती कुठल्यातरी पेटीत असते.

पेटीच उघड खरं म्हणजे. जुन्या घरात एक तरी पत्र्याची पेटी असतेच. त्यात पोर्तुगीजमधले कागद असतील, मोकासदाराला दिलेल्या खंडाच्या पावत्या असतील, घरपट्टी असेल, काजू घातल्याची जुनी बिलं असतील. वाळवीने खायच्या आधी सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढ, एक झेरॉक्स सेट वेगळा ठेव. पोर्तुगीज वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी समजू नकोस, वाचून देणारे लोक आहेत, वाळपईच्या कुठल्याही जुन्या वकिलाकडे विचारलंस तर नाव सांगतील. आणि सासरे बोलते आहेत तोवर त्यांच्याकडून सीमा समजून घे, कुठल्या आंब्यापासून कुठल्या व्हाळापर्यंत, कोणी पहिलं लावलं, साल काय, शेजारी कोण. ते लिहून काढ. म्हातारं माणूस गेलं की ही माहिती कुठल्याच ऑफिसात मिळत नाही.

आता कुळागर आणि तुझे दीर. बाहेरची पार्टी चांगला दर देते म्हणे. देत असेल. पाण्याची झर असलेली जागा, खाली व्हाळ, वर डोंगर, त्यांना रिसॉर्टच दिसतो त्यात. पण दिरांना एकट्याने काही विकता येत नाही आणि हे तू नीट समजून घे, कारण तुझ्या सासऱ्यांना आणि सासूलाही हे कोणी समजावलेलं नसणार. आपल्याकडे गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेला कायदा आहे, वारसाहक्काचं आता 2012 च्या वारसा आणि इन्व्हेंटरीच्या कायद्यात आलंय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी. सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन तू सह्या केल्या होत्यास ना लग्नाच्या वेळी, त्या सह्यांना अर्थ आहे. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. आणि मुलींना मुलांएवढाच वाटा.

म्हणजे तुमच्या घरात काय होतं बघ. कुळागर आजेसासऱ्यांच्या नावावर. ते गेले, तर वारस म्हणजे तुझे सासरे आणि त्यांची सगळी भावंडं, आणि त्यात त्यांच्या बहिणी पण आल्या, तुझ्या आत्येसासवा, लग्न होऊन कुठे डिचोलीला, कुठे पेडण्याला गेल्या असतील, त्या सगळ्या आणि त्यांचे नवरे. सासऱ्यांच्या वाट्यात अर्धी तुझी सासू. दीर आणि तुझे मिस्टर तर अजून रांगेतसुद्धा नाहीत, आई-वडील हयात आहेत. तेव्हा पार्टीने आणलेल्या कुठल्याही कागदावर, ना हरकत असो, पॉवर ऑफ अॅटर्नी असो, नुसतं "इसार घेतल्याचं" असो, कोणी सही करायची नाही, आणि सासूचा अंगठा तर अजिबात द्यायचा नाही. ही एक गोष्ट घरात मोठ्याने सांग. शेताचं वेगळं, भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकायला 2023 च्या कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे ते विकण्याची भाषा कोणी करत असेल तर करू दे.

पण नुसतं अडवून ठेवण्यातही अर्थ नाही. आजोबांच्या नावावर पडून राहिलेली जमीन म्हणजे योजना नाही, कर्ज नाही, पीएम किसानचे वर्षाचे 6000 नाहीत, कारण नाव लागलेलं नाही. सगळे वारस एकमताचे असतील तर स्पेशल नोटरीकडे वारसाचं डीड करून म्युटेशन होतं म्हणजे उताऱ्यावर नाव चढतं, नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी म्हणजे मालमत्तेच्या यादीचा आणि वाटणीचा दावा घालावा लागतो आणि वाटण्या होतात. खर्च आहे, वेळ जातो, आत्यांना भेटायला जावं लागतं, जुनी भांडणं वर येतात. तरी करा. सासरे असताना करा. ते गेल्यावर वारस दुप्पट होतात आणि त्यातले निम्मे गावाला ओळखतही नसतात. दिरांना पैशाची गरज असेल, मुलाच्या शिक्षणाची असेल, घराच्या कर्जाची असेल, ती खरी असू शकते, त्यांना वाईट ठरवू नकोस. वाटणी झाली की त्यांच्या वाट्याचं काय करायचं ते बोलता येईल, तुम्हीच हप्त्याने घेऊ शकता का हेही बघता येईल. घरासाठीसुद्धा एक पाहून ठेव, घर दुसऱ्याच्या जागेत असेल तर 1975 चा मुंडकार कायदा आहे, मामलेदाराकडे अर्ज जातो. तुमचं घर कुठल्या नंबरात आहे ते उताऱ्यावरून कळेल.

आता शाळा. इथे मी तुझ्या मिस्टरांच्या बाजूची आहे. गावातली काही माणसं म्हणतील की आम्ही त्याच शाळेत शिकलो, आम्हाला काय झालं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी मुक्तीनंतर खेडोपाडी मराठी शाळा काढल्या म्हणून आपल्या आयांच्या पिढीला अक्षर मिळालं, ते ऋण मी कधीच विसरणार नाही, पण तेव्हा वर्गात मुलं होती. आता एक बाई चार वर्ग सांभाळते, वर जनगणना, निवडणूक, माध्यान्ह आहाराचा हिशोब, आणि तुझ्या मुलाच्या वर्गात दोन किंवा तीन मुलं. मुलाला शिक्षकाइतकीच बरोबरीची मुलं लागतात, भांडायला, हरायला, वाद घालायला. त्यामुळे शाळेसाठी हलावंसं वाटणं ह्यात शहराची हौस काही नाही.

पण साखळीला का? साखळी तुझ्या गावापासून लांब पडेल, एकदा तिथे फ्लॅट घेतलास की कुळागर महिन्यातून एकदा बघायची गोष्ट होईल, आणि पाणी न मिळालेल्या पोफळी महिनाभर वाट बघत नाहीत. शिवाय तू चार भिंतीत बसशील, हे मी स्पष्ट सांगते, तुझी कमाई शून्य होईल आणि तेव्हा "मी घरीच असते" हे खरं होईल. माझं मत असं की हलायचंच तर वाळपईत खोली घ्या. मुलगा तिथल्या शाळेत, आणि तू सकाळी त्याला सोडून बसने किंवा स्कूटरवर गावात येऊ शकतेस, दुपारपर्यंत काम करून परत. स्कूटर येत नसेल तर शिक, ह्या वर्षीच्या काजूच्या पैशातला पहिला खर्च तो असू दे. त्याही आधी चौकशी कर की वाळपईच्या कुठल्या शाळेचं बालरथ (शाळेची बस) तुमच्या बाजूला कुठवर येतं. गावापर्यंत नाही आलं तरी तिठ्यावर येत असेल, आणि तुमच्या वाड्यावरची चार-पाच मुलं एकत्र झाली तर पालकांनी मिळून अर्ज द्या, पंचायतीच्या सहीने. हे जमलं तर खोलीचीही गरज नाही. मुलगा आता चौथीत जाईल, माझ्या मते अजून एक वर्ष गावच्या शाळेत राहिला तर बिघडणार नाही, पाचवीला तसंही हायस्कूलला जावंच लागतं. ते वर्ष तू कागदांसाठी वापर. शाळा उघडायच्या आत, काजूचा थकवा अंगावर असताना, घरात रोज वाद चालू असताना घर हलवायचा निर्णय घेऊ नका.

शेताचं थोडक्यात. एकटीने कुंपण घालून गवा थांबत नाही. शेजारची चार शेतंही पडीकच असतील, ती सगळी मिळून एक मळा धरून सौर कुंपणासाठी कृषी खात्याकडे अर्ज द्या, सबसिडी आहे. नुकसान झालं की लगेच फोटो काढून अर्ज, शेतकरी आधार निधीतून भरपाई मिळते, उशीर केला की पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. आणि कोणी विजेची तार सोडूया, फास लावूया, विष घालूया म्हणालं तर त्याला हात जोडून घरी पाठव. 2020 च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ विषाने मेले, त्या गावाने त्यानंतर काय भोगलं ते सत्तरीत सगळ्यांनी पाहिलंय. वाघाने गुरं मारल्याचं दुःख मला कळतं, गाय गेली की घरातलं माणूस गेल्यासारखंच असतं, पण भरपाईसाठी ऑफिसात दहा खेपा घातलेल्या परवडल्या. दरम्यान कुळागरात माकडं ज्याला सहसा हात लावत नाहीत ते वाढव, मिरी पोफळीवर चढव, हळद लाव. नारळ कमी झाला तरी हे उभं राहतं. पोफळीला पावसाच्या आधी बोर्डो (बुरशीचं औषध) मारायला पाडेली, म्हणजे झाडावर चढणारा माणूस, वेळेवर मिळत नाही ही सगळ्यांची रड आहे, वाड्यावरच्या घरांनी मिळून एकाला आधीच ठरवून ठेवलं तर कोळेरोगाने सुपारी गळायची वाचेल.

माटोळीचं तू एका ओळीत लिहिलंयस, पण मला त्यात तुझी सगळ्यात जास्त ताकद दिसते. कांगलां, माट्टुलां, घागऱ्यो, आंबाडे, कुठल्या रानात काय कधी पिकतं हे ज्ञान फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला पैसे देऊनही मिळत नाही, म्हणून तर चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या, म्हापशाच्या बाजारात लोक तुमच्याभोवती गर्दी करतात. वाड्यावरच्या बायकांचा स्वयंसहाय्य गट असेल तर त्यात जा, नसेल तर पंचायतीत विचारून काढा. सोलं, सुकवलेला फणस, पावसातल्या फागलां-तेरं अशा भाज्या, हे सगळं गटाच्या नावाने गेलं तर पैसे थेट तुमच्या हातात येतात, कोणाच्या उताऱ्याची गरज नाही. त्यात हे एक बरं की जमिनीचा निकाल लागायला वर्षं लागली तरी हे आजपासून चालू होतं.

तब्येतीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. काजूला जाताना डेपा तेल, गोचीड चावू नये म्हणून लावतात ते, लावतेस का? गोचिडीतून होणारा माकडताप गोव्यात पहिल्यांदा 2015 ला सत्तरीतच सापडला, पाळी गावात, आणि माणसं गेली त्यात, काजूचा हंगाम आणि हा ताप एकाच दिवसांत येतात. आरोग्य केंद्रात तेल मागून घे, पूर्ण हाताचे कपडे, घरी आल्या आल्या गरम पाण्याने आंघोळ, ते कपडे वेगळे, गायींच्या अंगावरचे गोचीडही बघ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा फॉरेस्टला कळव. ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस बघूया असं नाही, सरळ वाळपईच्या आरोग्य केंद्रात, आणि काजूत जात होते हे डॉक्टरना आपणहून सांग.

आता सासऱ्यांशी बोलायचं. नवऱ्याला मध्ये घालून, जेवताना, विषय निघाला म्हणून बोलू नकोस. आधी नवऱ्याशी बोल, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, हे उत्तर त्याला वाचायला दे. तो तुझा विरोधक नाहीये, तो दमलाय आणि मुलाची काळजी करतोय. मग दोघं मिळून सासऱ्यांना कुळागरात गाठा, घरात नाही, तिथे ते जास्त मोकळे बोलतील. "आम्ही जातो" किंवा "आम्ही राहतो" ह्याने सुरुवात करू नका. असं म्हण की बाबा, मला सीमा दाखवा, आजोबांचे कागद दाखवा, मला हे सांभाळायचंय पण माझं नाव कुठेच नाही, तुम्ही आहात तोवर ते करून द्या. ते म्हणतात ना कुळागर बघणार कोण, त्याला तुझं उत्तर हेच आहे, मी बघते, आताही मीच बघतेय. ते लगेच हो म्हणणार नाहीत, गप्प बसतील, कदाचित चिडतील की सुनेला जमीन हवी. तेव्हा सासूला बोलू दे. अर्धी मालकी तिची आहे हे तिला आधीच सांगून ठेव, तिने ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेलं असेल.

दिरांना फोन मात्र तुझ्या मिस्टरांनीच करायचा, आणि तोही उतारा हातात आल्यावर. उतारा काढलास, पेटी उघडलीस की मला परत लिही, कुठल्या रकान्यात काय आहे ते जसंच्या तसं लिही म्हणजे पुढचं सांगता येईल, आणि कृषी कार्यालयात काय उत्तर दिलं तेही.